डबीतल्या तुकड्याबद्दल

जळगाव

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. मेलानोमाच्या (कातडीच्या काळ्या कॅन्सरच्या) औषधांवर चार पानं आणि गाठीच्या नमुन्यांवर एकच ओळ: 'नमुने जिल्ह्यांतून मागवू'. त्या ओळीपुरतंच लिहितो.

गोऱ्या लोकांचा मेलानोमा बहुतेक उन्हाचा. आपल्याकडे तो जास्त करून तळपायावर, तळहातावर, नखाखाली निघतो. इथला पारा ४५ वर गेला तरी दोष उन्हाचा नाही. जनुकांतला बदलही वेगळा. त्यांच्यात जवळपास निम्म्या गाठींत बीआरएएफ हे जनुक बदललेलं असतं, तळपायाच्या गाठींत फार कमी. त्यामुळे बदललेल्या बीआरएएफवरच चालणारी डाब्राफेनिब-ट्रामेटिनिब या औषधांची जोडी आपल्या बहुतेक पेशंटना लागूच पडत नाही. केआयटी हे दुसरं जनुक मात्र तपासायचंच.

रावेर-यावलकडे केळी कापणाऱ्यांची बोटं चिकानं काळी पडलेली असतात. त्यात नखाखालची काळी रेघ कोण बघतो? चिकाचा डाग वरवरचा, खरवडला की निघतो. मेलानोमाची रेघ नखाच्या मुळातून येते, रुंद होत जाते. काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला तर बायोप्सी लगेच, आणि तीही नखाच्या मुळाची. नुसतं नख कापून पाठवलं तर गाठ हाती लागतच नाही. टाचेवरचं असलं तर 'कुरूप' म्हणून महिनोन्महिने ब्लेडनं तासतात आणि तासलेलं फेकून देतात! मग ब्रेस्लो जाडी, म्हणजे गाठ किती खोल गेली तो आकडा, कशाची मोजणार? ती कातडीच्या कणीदार थरापासून सगळ्यात खोल पेशीपर्यंत मोजतात, आणि इथं वरचा थरच तासून गेलेला. सर्जननं गाठीभोवतीची किती चांगली कातडी काढायची ती कड त्याच आकड्यावर ठरते: जाडी १ मिमीपर्यंत असेल तर १ सेंमी, २ मिमीच्या वर असेल तर २ सेंमी.

तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात), द्रावण तुकड्याच्या दहापट. ६ तासांच्या आत काढू नये, ७२ तासांवर ठेवू नये. सलाईनमध्ये टाकलेला तुकडा एसटीनं येईतो सडायला लागतो. बोट हाडासकट आलं तर हाड ॲसिडनं मऊ करू नकोस, डीएनए तुटतो. ईडीटीए वापर, ते हाडातलं कॅल्शियम हळूहळू काढतं, दिवस लागले तरी चालतील. मेलॅनिन (गाठीतला काळा रंग) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारी तपासणी, अडवतं. काळ्याकुट्ट गाठीचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तर आधी कंट्रोल (तपासणी नीट चालली का हे दाखवणारा सोबतचा नमुना) चाललाय का बघ, नसेल तर डीएनए पातळ करून पुन्हा लाव.

ऑपरेशनआधी पेम्ब्रोलिझुमॅबचे (रोगप्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणाऱ्या औषधाचे) ३ डोस देण्याचा तुझा विचार पटला. गाठ अंगात असतानाच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिला ओळखायला शिकतात. २०२३च्या चाचणीत २ वर्षांनी ७२ टक्के पेशंटचा आजार उलटला नव्हता. सगळे डोस ऑपरेशननंतर घेणाऱ्यांत ४९ टक्के. पण तळपायाच्या मेलानोमावर ही औषधं मुळात कमी चालतात, तेव्हा ७२ हा आकडा आपला समजू नकोस.

आणखी एक. या औषधानंतरचे जुलाब म्हणजे 'ऊन बाधलं' समजून लोक ताक पीत बसतात. नेहमीपेक्षा ४ वेळा जास्त झालं तर त्याच दिवशी फोन, हे मराठीत मोठ्या अक्षरांत छाप. त्यावर प्रिडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू झालं तर ४ ते ६ आठवड्यांत उतरवत न्यायचं. बरं वाटलं की गोळ्या बंद करणारे फार.

फॉर्ममध्ये रकाना वाढव: 'आधी तासलं का? केव्हा?'

आईनं असोद्याची भरिताची वांगी पाठवलीत. फ्रीजमध्ये कोंबू नकोस.

— पप्पा