तुझं फिजिक्स बंद करायला निघालेत

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री

प्रिय बाळ्या,

सहा महिने तुला उत्तर नाही, त्याचा राग धरून बसला असशील. धर, पण हे आधी वाच. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, गुडघा जिना चढताना तेवढा बोलतो.

लिहायला बसवलं ते एका कागदानं. सोमवारी महाविद्यालय विकास समितीची बैठक आहे आणि विषयपत्रिकेत पाचवा विषय असा: 'बी.एस्सी. भाग 3, फिजिक्स, विद्यार्थिसंख्येअभावी बंद करण्याबाबत.' अकरा पोरं आहेत. तुम्ही नऊच होतात! इथं हे कुणाला सांगू? स्टाफरूममधले सगळे आपल्यानंतरचे. डार्करूमचा तो काळा पडदा त्यांच्या लेखी जुनं कापड आहे.

तू म्हणशील, 'अकरा पोरांसाठी कोण विभाग चालवतो?' लातूरला तू दोन विषय असेच बंद केलेस आणि त्यावरून आपण ऐन दिवाळीत भांडलो. तेव्हा मला नीट मांडता आलं नाही, आता मांडतो.

अनुदानित तुकडीचा पगार शासनाकडून येतो. वर्ग बंद केला म्हणून त्यातला एक रुपयाही कॉलेजच्या खात्यात उरत नाही. जातो तो कार्यभार, म्हणजे कागदावरचे शिकवण्याचे तास. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवणं, सहयोगी प्राध्यापकाला 14, असं 2018 च्या यूजीसी नियमावलीत आहे. भाग 3 ची थिअरी आणि प्रात्यक्षिकं मिळून आमच्याकडं 16 तास निघतात, म्हणजे बरोबर एक पद. विभागातले सर पुढच्या वर्षी निवृत्त होतात. तास कागदावर नसतील तर त्यांची जागा भरायला मागायची कशाच्या जोरावर? आणि एकदा गेलेलं पद आपल्या हयातीत परत आलेलं मी पाहिलेलं नाही. तूट या वर्षीची, तोडायचं मात्र पुढच्या तीस वर्षांचं, हे मला पटत नाही.

विनाअनुदानित तुकडीचं उलटं असतं. तिथं मानधन फीमधूनच जातं, वर्ग अर्धा भरला तर खड्डा त्याच वर्षी पडतो. म्हणून तिथला हिशेब मार्चमध्ये करून उपयोग नाही. प्रवेश थांबले की त्याच आठवड्यात करायचा आणि सामाईक विषयांचे तास दोन तुकड्यांना एकत्र लावायचे. समितीनं दोन्ही तुकड्या एकाच तक्त्यात घातल्यात. सगळा घोटाळा तिथं आहे.

बरं, फिजिक्समध्ये वर्षभरात संपतं तरी काय? स्पेक्ट्रोमीटर आपल्या वेळचेच आहेत. खर्च सोडियम दिव्यांचा, आणि तोही वापरणाऱ्याच्या हातात. दर पोरागणिक बंद-चालू केला की दिवा लवकर जातो, आणि पूर्ण उजेडावर यायला दहाएक मिनिटं वाया जातात ती वेगळीच. बॅच सुरू होताना लावायचा, संपल्यावर विझवायचा. अकरा पोरं म्हणजे एकच बॅच.

पैसा गळतो तो माझ्या विषयात. तू म्हणायचास, 'केमिस्ट्रीवाले पाणी उकळून कॉलेजचं दिवाळं काढणार.' मी दोन दिवस बोललो नव्हतो. परवा प्रयोगांना लागणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याचा हिशेब केला. 20 अंशांचं एक लिटर पाणी 100 वर न्यायला 335 किलोज्यूल, वाफ करायला 2257. मिळून 2592, म्हणजे 0.72 युनिट. तासाला चार लिटर देणारं आमचं यंत्र तीन किलोवॉट खातं ते एवढ्याचसाठी, आणि वाफ थंड करायला नळ सोडलेला असतो तो निराळाच. तू जिंकलास. आता पहिल्या वर्षाच्या प्रयोगांना क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या कॉलममधून काढलेलं पाणी देणार. रेझिन संपत आलं की पाण्याची वाहकता चढते, ती रोज सकाळी मोजून वहीत लिहायची. हे मोजणं राहिलं की अख्ख्या वर्गाची रीडिंग चुकतात आणि दोष पोरांच्या हाताला लागतो.

दुसरी गळती टायट्रेशनला लागणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची. वीस पोरं, प्रत्येकाची चार रीडिंग, दर रीडिंगला 25 मिली. झाले दोन लिटर. 0.1 नॉर्मल इतक्या तीव्रतेच्या द्रावणाला 34 ग्रॅम लागतात. तेच 10 मिलीचा ब्युरेट घेतला, रीडिंग 5 मिलीवर आणलं आणि द्रावण 0.05 नॉर्मल केलं तर 3.4 ग्रॅममध्ये भागतं. याच्या खाली मात्र उतरायचं नाही. टायट्रेशन संपल्याची खूण म्हणजे क्रोमेटचा लाल रंग, तो केव्हा आला ते कळेनासं होतं. 0.05 लासुद्धा ब्लँक, म्हणजे नमुना न घालता एक रीडिंग घ्यायचंच. आणि तो पांढरा साका बेसिनमध्ये ओतायचा नाही, गडद बाटलीत साठवायचा. 34 ग्रॅममध्ये साडेएकवीस ग्रॅम चांदी असते. हुपरीच्या कुणा चांदी कारागिराला हे कळलं तर तो आमच्या बेसिनखाली बादली लावून बसेल.

विजेच्या बिलात आणखी एक गोष्ट बघ, तुझ्याकडंही असणार. जुने डबडे मॉनिटर गेले, ट्यूबा गेल्या, भार उतरला, पण मंजूर मागणी, म्हणजे वीज कंपनीकडं नोंदवलेला जास्तीत जास्त भार, त्या काळचीच राहिली आहे आणि स्थिर आकार तिच्यावर बसतो. बारा महिन्यांच्या बिलांवरची कमाल मागणी एका कागदावर उतरव आणि अर्ज कर. पण सर्वांत मोठा महिना धरून, त्यावर थोडं राखून. नाहीतर परीक्षेच्या दिवसांत मागणी ओलांडली की दंडात सगळी बचत जाते.

आता खरी काळजी. आमच्याकडं पैसा कमी आहेच, पण त्याहून जास्त तो अवेळी येतो. फी मागायची जून-जुलैत, तेव्हा शेतकऱ्याचा हात रिकामा. ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी गाठते की काय या धास्तीत निम्मा जिल्हा असतो. गळीत सुरू होतं ऑक्टोबर-नोव्हेंबरला. ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे, तरी घरात पैसा दिसायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. मग दुसरा हप्ता ऑगस्टला ठेवायचा कशाला? मी फीचे दोन भाग पाडलेत. परीक्षा शुल्क, पात्रता, विमा, जे विद्यापीठाकडं पाठवायचंच आहे ते प्रवेशावेळी. आपलं जे आहे ते जानेवारीत. ज्यांच्या घरी दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं किंवा फौंड्रीतला पगार महिन्याला, त्यांच्याकडून महिन्याला थोडं थोडं. हमीपत्रावर तारीख आणि रक्कम दोन्ही हवीत. नुसतं 'लवकरच भरतो' लिहून घेतलं की कारकून शेवटी परीक्षेचा फॉर्म अडवतो आणि पोराचं वर्ष जातं. तुझं 'फी नाही तर फॉर्म नाही' मला कधीच मान्य नव्हतं, आजही नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली त्या गावात मी फॉर्म अडवणार नाही.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट पोराच्या खात्यात जातो. त्यात कॉलेजची फीही असते, हे घरच्यांना प्रवेशाच्या दिवशीच शांतपणे सांगायचं. मार्चमध्ये सांगितलं तर तोवर तो पैसा दवाखान्यात गेलेला असतो, आणि तिथं बोलायला तोंड राहत नाही.

खर्चही वाढताच आहे. विद्यापीठाच्या संलग्नतेच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो असं ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात म्हटलं. पोरांच्या फीवर आपण जीएसटी घेत नाही, म्हणून त्याची वजावटही नाही.

फिजिक्सला तास मिळवायची एक वाट आहे. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा एक पेपर, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावाच लागतो. बी.ए., बी.कॉम.च्या पोरांना 'घरातली वीज आणि सोलर' असा दोन क्रेडिटचा पेपर दिला तर सत्राला 30 तास आले. आणि ऑन जॉब ट्रेनिंगला शिरोलीच्या फौंड्र्या आहेतच. वितळलेल्या लोखंडाचं तापमान थर्मोकपलनं मोजणं, वाळूतला ओलावा, कठीणपणा, हे सगळं फिजिक्सच आहे. प्रवेशाच्या दिवशी पालकांना हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून पोरं अकरा.

तुझ्या सोनूचं काय ठरलं, पुणे की तिथंच? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे आक्कांकडून कळलं, बरं वाटलं. या बाजूला आलास की तांबड्या-पांढऱ्याचं मी बघतो.

बैठक सोमवारी 3 वाजता. तू मंजूर करून घेतलेल्या इलेक्टिव्हचा अभ्यासक्रम रविवारपर्यंत पाठव, आणि वरच्या कार्यभाराच्या गणितात कुठं चूक असेल तर फोन कर, कितीही वाजू देत. आणि हो, 1989 ला प्रॅक्टिकल परीक्षेनंतर स्पेक्ट्रोमीटरच्या प्रिझम टेबलाचा एक स्क्रू तू खिशात घालून नेलास तो पाठव. त्या जागी लेथवर करून घेतलेला आहे, पण त्याचे आटे अजून बसत नाहीत.

तुझा,
अण्णा