मंद आवाजात ऐकताना बंद पडणाऱ्या स्पीकरच्या जोडीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील स्पीकरची जोडी बदलून मिळण्याबाबत किंवा रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या कंपनीची, आतच अँप्लिफायर असलेली स्पीकरची जोडी विकत घेतली. दिवसा, जरा मोठ्या आवाजात ऐकताना ती मला मनापासून आवडली. गायकाचा गळा मोकळा ऐकू येतो आणि डग्ग्याची घुमार पेटीत कोंडून राहत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

तक्रार आहे ती रात्रीच्या ऐकण्याबद्दल. माझे वडील जेवणानंतर विलंबित ख्याल ऐकतात, तेही शेजारच्या खोलीतल्या नातवाची झोप मोडणार नाही इतक्या हळू. वीज वाचवण्यासाठी आपण दिलेली आपोआप बंद होण्याची सोय एवढ्या मंद आवाजाला शांतताच समजते, आणि सुमारे २० मिनिटांनी, आलापी रंगात आलेली असताना, हिरवा दिवा तांबडा होऊन स्पीकर गप्प होतात. गायक तार सप्तकात गेला की ‘टक्’ असा आवाज करून ते पुन्हा सुरू होतात, पण तोवर मधली आवर्तने गेलेली असतात. ज्या समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी, एकतालाच्या १२ मात्रा कान लावून बसावे, नेमकी तीच निसटते.

आपल्या मदत केंद्राने मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवून स्पीकरवरचे आवाजाचे बटण खाली ठेवण्यास सांगितले. त्याने बंद पडणे थांबले. मात्र बटण इतके खाली असताना डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्ट दबते आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायक उजवीकडे सरकतो. मागच्या लाल-पांढऱ्या पिना आपसांत बदलून पाहिल्या, तरी दबते ती डावीच. म्हणजे दोष मोबाईलचा किंवा केबलचा नाही; तसा असता तर आता उजवी दबली असती.

याखेरीज स्पीकरमधून सतत ‘घुं’ असा आवाज येतो. आपल्या टेक्निशियनने घरच्या अर्थिंगला दोष दिला, परंतु बाहेरच्या सर्व केबल काढून बटण शून्यावर आणले आणि नंतर बहिणीच्या घरी जोडून पाहिले, तरी तो तसाच राहिला. विजेच्या ५० हर्ट्झची आणि त्याच्या दुपटीची ही घुं तानपुऱ्याच्या खर्जाजवळच रेंगाळते, आणि वडिलांना तानपुराच नीट लागलेला नाही असे वाटते.

तरी ही जोडी बदलून द्यावी, आणि नव्या जोडीत आपोआप बंद होण्याची सोय आम्हाला हवी तेव्हा रद्द करता यावी. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल. बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

तपासणीसाठी माणूस पाठवणार असाल, तर कृपया रात्री नऊनंतर पाठवावा, म्हणजे आम्ही ज्या आवाजात ऐकतो त्याच आवाजात त्याला हे दोष दाखवता येतील.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, पुणे