पार्किंगचं छापता, मग गाण्यांचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश रॉक बँड आला. ते नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजवून गेले. त्या दिवसांत आपल्या अंकात तिकिटांचा काळाबाजार आला, वाहतुकीतले बदल आले, कोणत्या नटीने काय घातलं होतं तेही आलं. जेमतेम साडेतीन महिने आधी निघालेला त्यांचा ‘मून म्युझिक’ हा अल्बम कसा आहे, याची मात्र एक ओळ नाही. मी सांगतो. मिळमिळीत आहे.

मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे हा अमेरिकी बँड आला तेव्हाही तेच. सवाई गंधर्वमध्ये कोणी कोणता राग कसा मांडला, यावर आपल्याकडे दोन-दोन कॉलम येतात आणि ते यायलाच हवेत. मग रॉकवाल्यांनीच काय घोडं मारलंय? त्यांची बातमी कायम पार्किंगची.

मी रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव पाहिलेला माणूस. धोबीतलावचं ते रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून मुकं झालं, आणि २०१६ मध्ये काळा घोड्याचं रिदम हाऊस हे कॅसेट-रेकॉर्डचं दुकानही बंद पडलं. तिथे कॅसेट उलटसुलट करत उभं राहिलं की शेजारचा कोणीतरी अनोळखी माणूस आपणहून सांगायचा, ‘ही नको, दोनच गाणी बरी आहेत.’ आता असं सांगणारं कोणी उरलं नाही. फोन सांगतो, पण त्याला सगळंच आवडतं.

म्हणून सध्या मी काय ऐकतोय ते कळवतो. माझं ऐकणं होतं सकाळच्या बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये. ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल सोळा वर्षांनी. आठ गाणी, एकोणपन्नास मिनिटं. पहिल्या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायलाच तीन मिनिटांवर वेळ लागतो, तोवर कांदिवली गेलेलं असतं. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. बुवांनी एकदा कुतूहलाने माझ्या इअरफोनचं एक टोक कानाला लावलं. थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, ‘नमनालाच घडाभर तेल!’ मी टोक परत मागणार तेवढ्यात हाताने थांबवलं. जोगेश्वरीच्या पुढे कुठेतरी इअरफोन काढून दिला तेव्हाचा अभिप्राय असा : ‘गाणारा रडका आहे, पण पखवाजवाला पक्का.’ या अल्बमवर इतकं नेमकं परीक्षण माझ्या वाचनात आलेलं नाही. खरंच, त्यातला ड्रम आणि बेस इतका घट्ट आहे की स्मिथने त्यावर वाटेल तेवढं रडावं. सहावं गाणं त्याच्या भावाच्या मृत्यूवरचं आहे. पियानोचे तेच मोजके सूर पुन्हा पुन्हा येत राहतात. वांद्रे सुटून माहीमच्या खाडीपाशी ते लागलं, त्या दिवशी मी मुद्दाम दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

डब्लिनच्या फाँटेन्स डी. सी.चा ‘रोमान्स’ २०२४ च्या ऑगस्टमधला. त्यातलं ‘स्टारबर्स्टर’ हे गाणं गायक ग्रियन चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर आलेल्या पॅनिक अटॅकमधून सुचलं. मध्येच तो भसकन् श्वास आत ओढतो, आणि तो श्वासच गाण्याचा ठेका होऊन जातो. सकाळी पावणेनऊला अंधेरीच्या जिन्यावर अडकलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाकीचा अल्बम जरा जास्तच घासूनपुसून चकचकीत केलाय. त्यांचा पहिला ‘डॉगरेल’ खडबडीत होता, मला तोच जवळचा.

लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झिरो’ बत्तीस मिनिटांत, म्हणजे दादरच्या आसपास आटोपतो. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग दमदार आहे. आधीचा दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टनची नक्कल ती करत नाही, जुन्या चाकोरीतून बाहेर पडत नाही तो बँड.

न्यूयॉर्कच्या ‘गीज’चा ‘गेटिंग किल्ड’ मुलाने ऐकवला. गायकाच्या घशात घास अडकलाय असं पहिल्यांदा वाटलं. पहिल्याच गाण्यात तो बेंबीच्या देठापासून ओरडतो, मी दचकून इअरफोन उपटले. पाचव्या वेळेला आवडायला लागला. हे मुलाला सांगितलेलं नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर दोन्ही बँड दिल्लीचे, ही गोष्ट मुंबईकराला जरा झोंबते. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बीटा’ रात्री उशिरा, दिवे मालवून ऐकण्याचा. ब्लडीवूडचा ‘नू देल्ही’ अगदी उलट, मेटलमध्ये ढोल आणि तुंबी, म्हणजे पंजाबी एकतारी. त्यांनी आपल्या शहराच्या नावाने अख्खा अल्बम काढला. आमच्या मुंबईतल्या पोरांनी अभंग गिटारवर घेतले, ‘अभंग रीपोस्ट’ म्हणून. बुवांना तेही ऐकवलं. त्यांनी दोन ठिकाणी चाल दुरुस्त केली आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

तेव्हा विनंती एवढीच : पुढच्या खेपेला रेसकोर्सवर कोणीही येवो, पार्किंगच्या चौकटीशेजारी त्यांच्या ताज्या अल्बमवर दोनशे शब्द द्या. लिहिणारा सापडत नसेल तर आमचे बुवा आहेत. मात्र मजकूर त्यांच्याकडून अंधेरी यायच्या आत उतरवून घ्यावा लागेल, त्यानंतर टाळ सुरू होतात.

आपला,
एक नियमित वाचक, बोरिवली (पश्चिम)