'रगझ' आणि 'राग'

रविवारच्या पुरवणीतील बायबलच्या भाषांवरील लेखात अरामी (बायबलचा काही भाग ज्या प्राचीन भाषेत आहे ती) 'रगझ' म्हणजे संताप आणि मराठी 'राग' एकाच मुळाचे ठरवले आहेत, ते पटत नाही. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकात (३:१३) बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर संतापून तिघा तरुणांना आणायला सांगतो, तिथला हा शब्द. त्याच्या सेमिटिक (अरामी, हिब्रू ज्यात येतात त्या भाषाकुळातल्या) धातूचा अर्थ थरथरणे, खवळणे असा आहे. हिब्रू बायबलात (१ शमुवेल १४:१५) जमीन हादरते तीही याच धातूने. आपला 'राग' संस्कृत 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, यातून आला; अनुराग आणि गायनातला रागही त्याच घरचे. रागाने आपणही थरथर कापतो म्हणा, पण तेवढ्यावरून सोयरीक जुळत नाही. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, वसई