पिरमची हाडं पिरमवरच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका परिचितांकडे सत्यनारायणाला गेले होते. शोकेसमध्ये काळपट तपकिरी रंगाचा एक दगड मांडलेला दिसला. “पिरम बेटावरचा आहे, होडीवाल्याने दिला,” यजमान कौतुकाने म्हणाले. हातात घेतला तर आकाराच्या मानाने चांगलाच जड. वरच्या बाजूला एकामागून एक आडव्या कडा, आणि कडांवरचं इनॅमल अजूनही नखाला गुळगुळीत लागणारं. हत्तीच्या कुळातल्या कुठल्यातरी प्राण्याची, दगड होऊन गेलेली ती दाढ होती. माझ्या पोटात कालवलं. हे पत्र त्यासाठीच.

गुजरातमध्ये भावनगरजवळच्या घोघा बंदराच्या दक्षिणेला खंभातच्या आखातात पिरम आहे. दीपगृहाची माणसं सोडली तर तिथे वस्ती नाही. किनाऱ्याला तिवरं आणि चिखल, मध्ये वाळू आणि झुडपं, एवढंच वरवर दिसतं. बेटाचं खरं धन मात्र ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गोट्यांच्या खडकात आहे. नदीने वाहून आणलेले गोटे आणि वाळू सिमेंटसारखी घट्ट झाली आणि त्यातच हाडं अडकून राहिली. १८३६ मध्ये ऑस्ट्रियन प्रवासी बॅरन ह्यूगेल यांनी या हाडांकडे जगाचं लक्ष वेधलं. १८४५ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक ह्यू फाल्कनर यांनी इथल्याच अवशेषांवरून जिराफाच्या एका नष्ट झालेल्या नातेवाइकाचं वर्णन केलं: ब्रामाथेरियम पेरिमेन्स, डोक्यावर शिंगांसारखे चार उंचवटे असलेला धिप्पाड प्राणी. गेंडे, मगरी, हत्तीचे पूर्वज, सगळे इथे सापडले. काळ अंदाजे सत्तर-ऐंशी लाख ते एक कोटी वर्षांपूर्वीचा. आज जिथे खारं पाणी उसळतं, तिथे तेव्हा नदी वाहत होती आणि हे प्राणी तिच्या काठाने चरत होते!

माणसांचा इतिहासही काही थोडाथोडका नाही. जंबुसरजवळच्या गंधारहून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२च्या सुमारास इथे उतरला, तेव्हाही बेट ओसाडच होतं. त्याच शतकात गोहिल राजपुतांचे सरदार मोखडाजी गोहिलांनी इथे ठाणं केलं, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेतली आणि अखेर तुघलकाच्या फौजेशी लढताना ते पडले. शिर तुटल्यावरही धड लढत राहिलं, असं तिकडचे लोक अजून सांगतात.

आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. रोज दोनदा पाणी खडक झिजवतं आणि हाडं सुटी होतात. लोकांना वाटतं, नाहीतरी समुद्रात जाणार, मग उचललं तर काय बिघडलं? पण हाड कुठल्या थरात, कुठल्या बाजूने, कशाशेजारी होतं हे कळलं, तरच त्यातून काही वाचता येतं. एकोणिसाव्या शतकात बरीचशी हाडं किनाऱ्यावरून सुटीच वेचली गेली आणि पुष्कळ लंडनच्या संग्रहालयात पोहोचली. त्यांचा नेमका थर ठरवताना अभ्यासकांचे हाल झाले. आज मोबाईलवर फोटो काढणं इतकं सोपं असताना आपण तेच करावं?

घोघ्याच्या धक्क्यावर गुजराती, हिंदी आणि मराठीत एक मोठा फलक लावावा: दिसलं तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा, दगडाला हात लावू नका. होडीवाल्यांनाच थोडं प्रशिक्षण देऊन त्यांना राखणदार करता येईल. बेट त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आणि बडोद्याच्या वाचकांना हात जोडून विनंती. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये आपण मुलांना देवमाशाचा सांगाडा दाखवायला हौसेने नेतो. तसा पिरमचा एखादा तुकडा तुमच्या घरी असेल, तर तो महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. कोणी, कधी, बेटाच्या कुठल्या बाजूला उचलला, जेवढं आठवेल तेवढं चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे