रात्रपाळीच्या मावशींना

मावशी,

नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. चार रात्री तुम्ही आमच्या खोलीत येत होतात आणि मी एकदाही विचारलं नाही, याची आता लाज वाटते. डिस्चार्जच्या सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन खाली आले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कुठल्या मावशी? रात्रीच्या तिघी असतात." पंधरा दिवसांनी लेकीला दाखवायला परत गेले, तेव्हा कळलं की तुम्ही कंत्राटावर होतात आणि आता येत नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. लातूर काही मुंबई नाही. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

ओळख पटावी म्हणून सांगते. कोपऱ्यातली खोली, साडेतीन महिन्यांची मुलगी, जुलाबाने मलूल झालेली, इवल्याशा हाताला सलाईनची पट्टी. आणि पहाटे तीन वाजता बेसिनपाशी उभी राहून रडत बाटली खळबळणारी बाई. ती मी.

आधीचं थोडं सांगायला हवं, कारण त्या रात्री तुम्ही काहीच विचारलं नव्हतंत. मला दूध पुरेसं येत नव्हतं. डॉक्टरांनीच वरचं दूध सुरू करायला सांगितलं, पावडरचं. सांगताना आवाज असा खाली आणला, जणू दारूच्या दुकानाचा पत्ता देताहेत. "बाटली स्टराईल करून वापरा," एवढंच वाक्य. कशी, ते नाही. आपल्याकडे 1992चा कायदा आहे, पावडरच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही. कायदा मला पटतो. आईच्या दुधाला तोड नाही हे मलाही कळतं, फक्त माझं तेवढं येत नव्हतं. पण जाहिरातीला बंदी आहे म्हणून बाटली धुवायची कशी हे सांगायलाही बंदी असल्यासारखे सगळे का वागतात, ते मला आजवर उमगलेलं नाही.

मग मी विचारत सुटले. नणंद म्हणाली, विजेवरचा वाफेचा स्टरिलायझर घे. मैत्रिणीने पाण्यात विरघळवायच्या गोळ्या सांगितल्या. सासूबाई म्हणाल्या, "बाटलीच नको. आम्ही बोंडल्याने पाजलं, आमची पोरं काय जगली नाहीत?" बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. आणि दुकानदाराने निळ्या उजेडाची पेटी काढून समोर ठेवली, यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारी. "बटण दाबलं की झालं मॅडम, पाण्याचा थेंब लागत नाही."

पाण्याचा थेंब लागत नाही! लातूरच्या माणसाला याहून मोठं आमिष नाही. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हे गाव. आमच्या घरात अजूनही तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत जातं, आणि नळ सोडून भांडं धुणं म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यांदेखत नोटा फाडणं. त्यात त्यांची चूक नाही. ज्यांनी टँकरच्या रांगेत घागरी लावल्यात त्यांना सांडणारं पाणी बघवत नाही. पेटी घेतली. किंमत सांगत नाही, तुम्ही हसाल. बाटलीत अर्धा पेला पाणी घालायचं, दोनदा हलवायचं, ओतायचं आणि पेटीत ठेवायची. आतून पांढरट दिसायची. मला वाटायचं, बोअरच्या पाण्याचा क्षार. आमच्या बादल्यांवर, नळांवर, गीझरमध्ये सगळीकडे तोच पांढरा थर असतो.

पहिल्यांदा जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बाटली स्टराईल करता ना?" मी म्हटलं, "हो, यूव्ही आहे." "गुड," म्हणाले आणि औषध लिहून दिलं. दुसऱ्यांदा ॲडमिट करावं लागलं. तिथे राउंडला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सिस्टर, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक, माझा नवरा, सासूबाई, सगळ्यांसमोर विचारलं, "बँकेत नोकरी करता ना? एवढ्या शिकलेल्या, आणि एक बाटली नीट धुता येत नाही?" नवरा मोबाइलमध्ये बघायला लागला. सासूबाई माझ्याकडे. आणि गंमत बघा, कशी धुवायची ते त्यांनीही नाही सांगितलं.

त्याच रात्री तुम्ही आलात. "काय करूलालाव ताई, एकट्याच?" असं म्हणत माझ्या हातातली बाटली घेतलीत. झाकणाची कडी फिरवून निपल बाहेर काढलंत आणि पायमोजा उलटा करावा तसं बोटाने उलटं केलंत. मी ते कधीच केलं नव्हतं. उलटं होतं हेच मला माहीत नव्हतं. आतल्या घडीत पिवळट बुळबुळीत काहीतरी बसलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, "बोअरचं पाणी आहे मावशी, क्षार धरतो."

तुम्ही ते नाकाशी नेलंत. मग माझ्या नाकाशी धरलंत. आणि माझ्या कानाशी, अगदी हळू म्हणालात, "क्षाराला वास नसतो, ताई."

नासलेल्या दुधाचा आंबूस वास होता तो. माझ्या लेकीच्या तोंडात दिवसातून सहा-सात वेळा मी तो घालत होते. त्यानेच जुलाब झाले का, हे कुणी तपासून सांगितलेलं नाही. मला सांगायची गरज उरली नव्हती.

आणि आता मी ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. पलंगावर आडव्या झालेल्या सासूबाई उठून बसल्या. "काय झालं गं? काय निघालं त्यात?" माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही त्यांच्याकडे वळेपर्यंत ते निपल तुमच्या मुठीत गेलं होतं आणि मूठ खिशात. "काही नाही आजी. निपल जुनं झालंय, चिकट पडलंय. नवं लागंल." बस्. एवढंच. मग मला म्हणालात, "चला, आपण पॅन्ट्रीत बाटली धुऊन आणू."

ही थाप होती का? अर्धी. निपल खरंच चिकट झालं होतं. पण उरलेला अर्धा भाग तुम्ही माझ्यासाठी गिळलात. चार तासांपूर्वी ज्या खोलीत माझी अब्रू निघाली होती, त्याच खोलीत तुम्ही माझी चूक मुठीत झाकलीत. आणि ते "आपण". दोन दिवस सगळे मला "तुम्ही काय पाजलंत", "तुम्ही कसं धुतलंत" विचारत होते. "आपण" म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

पॅन्ट्रीत तुम्ही काय काय दाखवलंत ते इथे सगळं लिहीत बसत नाही. मला ते पाठ आहे, हातालाच पाठ झालंय. पण दोन वाक्यं अजून कानात आहेत. "आधी घासा, मग उकळा. नुसतं उकळल्यानं घाण शिजतीय, निघत नाही." एवढी मोठी गोष्ट मला एकाही शिकलेल्या माणसाने सांगितली नव्हती. दुधाचा चिकटा आत राहिला की वाफ काय, गोळ्या काय आणि निळा उजेड काय, सगळ्यांच्या तावडीतून त्याच्या आड बसलेले जंतू निसटतात. यूव्हीचं तर मी नंतर डोकं लावून बघितलं. तो शेवटी उजेडच. जिथे पडेल तिथेच काम करणार, निपलाच्या घडीत कसा शिरेल? दुकानदाराला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

दुसरं वाक्य मी विचारलं म्हणून आलं. मी विचारलं, मावशी, यातलं घेऊ काय? वाफेचं यंत्र, गोळ्या, की काय? तुम्ही म्हणालात, "रात्री तीनला डोळे मिटत असताना जे हातानं होतंय, ते करा." घरी येऊन मी तेच केलं. झाकणाचं एक मोठं पातेलं फक्त त्यासाठी, बाटलीत हवा राहू न देता पूर्ण बुडवून, पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं. पाण्यात लिंबाची फोड टाकली की पातेल्याला क्षार कमी धरतो, हेही तुमचंच. खरा क्षार कुठला आणि साय कुठली, हे आता नाक सांगतं. पेटी कपाटावर आहे. नवरा तिच्यात मोबाइलचा चार्जर ठेवतो.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की पावडरचं दूधही डब्यात जंतुरहित नसतं. म्हणून ते निदान 70 अंश गरम पाण्यात कालवून मग निववायचं असतं आणि दोन तासांच्या आत संपवायचं असतं. मी उकळलेलं पाणी गार करून, त्यात पावडर टाकून थर्मासमध्ये भरून ठेवायचे, रात्री सोपं जावं म्हणून! "बाळानं उष्टं केलेलं दूध ठेवू नका, झाडाला घाला," हे तुम्ही जाता जाता म्हणालात तेव्हा मला वाटलं, रीत सांगताय.

तिसऱ्या रात्रीचं मात्र राहून चाललं होतं. तुम्ही सासूबाईंजवळ टेकलात आणि विचारलंत, "आजी, तुमच्या काळी कशानं पाजायचे?" सासूबाई सुरू झाल्या. चांदीचं बोंडलं, त्यांच्या आईने दिलेलं, माझ्या नवऱ्याच्या बारशाला आलेलं. तुम्ही म्हणालात, "त्याला घासायला कोपराच नसतो बघा. पुसलं की समोर दिसतंय. निघालं तर आणा की." मग मला म्हणालात, बाटलीपेक्षा वाटी-चमचा नाहीतर बोंडलं बरं, घाईत असाल तेव्हाही नीट धुतलं जातं. सासूबाईंची मान अशी ताठ झाली की विचारू नका. दोन महिने मी त्यांचं जे म्हणणं उडवून लावत होते, ते बरोबर होतं. तेही तुम्ही मला न टोचता दाखवून दिलंत. आता दिवसा बोंडलं चालतं, मी बँकेत असले की त्याच पाजतात. बोंडलं उकळायला पाणी किती लागतं याची तक्रार एकदाही आलेली नाही.

मी कॅशवर नवीन होते तेव्हा एकदा संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले. मॅनेजर मोठ्याने बोलायच्या बेतात होते, तेवढ्यात हेड कॅशियरनी काउंटरची खिडकी लावली, माझ्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाले, "चल, परत मोजू." नोटा दुसऱ्या गड्डीत गेल्या होत्या. वीस वर्षांत मला काम शिकवणारे पुष्कळ भेटले. खिडकी लावून शिकवणारे ते एक, आणि तुम्ही दुसऱ्या. अशी माणसं कुठल्या हुद्द्यावर असतील याचा काही नेम नसतो. त्या दवाखान्यात तर सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे हे होतं, आणि त्यांनी तेच माणूस घालवलं. कंत्राट संपलं असेल. त्याबद्दल मी बोलून काय होणार? पण मनातून गेलेलं नाही.

लेक आता सात महिन्यांची आहे. वजन भरतंय. खालचे दोन दात आलेत, बोंडल्याची चोच चावते. पेढ्यांचा पुडा तेव्हा त्या काउंटरवरच्या मुलालाच दिला, त्याचा काय दोष. तुमच्यासाठी वेगळा आणीन, फक्त कुठे आणायचा ते कळवा.

आणि ते निपल तुमच्याच खिशात राहिलं, मावशी. परत मागत नाही.

तुमची,
कोपऱ्यातल्या खोलीतली ताई