मूर्ती परत हवी असेल, तर आधी तिचे फोटो आणि मापे हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी संग्रहालयांतल्या पुरावस्तू मूळ देशांना परत द्याव्यात की नाही, ही चर्चा आपल्या पत्रांच्या पानावरही शेवटी दोन घोषणांवर येऊन अडते: ‘आमचे आहे, द्या’ आणि ‘इथेच सुरक्षित आहे, राहू द्या’. लुटून किंवा चोरून नेलेली वस्तू परत गेलीच पाहिजे, असे माझे मत आहे. पण दावा मान्य होतो की फेटाळला जातो, हे बहुतेक वेळा फोटो, नोंदवही आणि करारातली कलमे ठरवतात, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

सगळ्या वस्तूंना एकच न्याय लावून चालत नाही. ब्रिटिश फौजेने १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातल्या बेनिनचा राजवाडा लुटून नेलेल्या पितळी प्रतिमा हा एक प्रकार. गेल्या काही दशकांत देवळातून चोरून विकलेली मूर्ती हा दुसरा. उत्खननात निघालेल्या वस्तूंची त्या वेळच्या सरकारशी रीतसर वाटणी करून नेलेला हिस्सा हा तिसरा. पहिल्या प्रकारात आंतरराष्ट्रीय कायदा जवळजवळ मुका आहे, तिथे नैतिक आणि राजनैतिक दबावच चालतो. दुसऱ्यात कायदा आहे, पण तो पुरावा मागतो. तिसऱ्यात दावा सर्वात लंगडा असतो. तिथे भांडण्यापेक्षा अदलाबदल किंवा लांब मुदतीचे लोन मागणे शहाणपणाचे.

पुरावस्तूंची बेकायदा ने-आण रोखणारा युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही, म्हणजे त्याआधीच्या प्रकरणांना तो लागू होत नाही. त्यामुळे जगभरातली मोठी संग्रहालये खरेदीच्या वेळी एकच प्रश्न विचारतात: नोव्हेंबर १९७० पूर्वी ही वस्तू मूळ देशाबाहेर होती का, किंवा नंतर परवान्याने बाहेर पडली का? साहजिकच बनावट कागदांचा सारा धंदा याच तारखेभोवती चालतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे ४० लाख डॉलर मोजून घेतलेली नेदजेमांख या पुजाऱ्याची सोनेरी शवपेटी २०१९ मध्ये इजिप्तला परत द्यावी लागली. तिच्यासोबत १९७१ चा निर्यात परवाना होता. त्यावर ‘अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त’ असा शिक्का होता, पण परवान्यावरच्या तारखेला त्या देशाचे नाव ‘युनायटेड अरब रिपब्लिक’ होते. नाव बदलले काही महिन्यांनी. शिक्का, टंकलेखन, सही करणारा अधिकारी त्या दिवशी त्या पदावर होता का, एवढे तपासले तरी निम्मे खोटे कागद उघडे पडतील.

दावा करणाऱ्याकडे काय लागते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण कामाची जागा इथेच आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातला नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने तो ५० लाख अमेरिकन डॉलरला घेतला. विक्रेत्याकडे जुन्या मालकीचे कागद होते, तेही बनावट. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्या देवळातल्या मूर्तींचे जुने फोटो होते. ते समोर ठेवल्यावर वाद उरला नाही, आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली. तो फोटो देवळाकडे नव्हता, पोलिसांकडे नव्हता. एका संशोधन संस्थेने भलत्याच कारणासाठी काढून ठेवला होता, हे आपले नशीब.

असा फोटो काढण्याची एक पद्धत आहे. समोरून काढलेला सुंदर फोटो ओळख पटवायला सर्वात कमी उपयोगी, कारण मुद्रा, आयुधे, दागिने शास्त्राप्रमाणे असतात आणि एकाच काळातल्या दहा मूर्ती सारख्या दिसू शकतात. ओतीव मूर्तीत मेणाचा नमुना वितळून जातो आणि साचा फोडावा लागतो, त्यामुळे ओतकामातला दोष दुसऱ्या मूर्तीत तसाच येत नाही. म्हणून टिपायचे ते हे दोष: हवेच्या बुडबुड्याने पडलेला खड्डा, नंतर बसवलेला धातूचा तुकडा, झिजलेले नाक, तुटलेले बोट, पीठाच्या तळाचा पोकळ भाग, मिरवणुकीत दांडे ओवायच्या कड्या. चारही बाजू, वरून आणि खालून असे सहा फोटो, प्रत्येकात मोजपट्टी आणि रंगपट्टी. उंची पीठासह आणि पीठाशिवाय वेगळी लिहायची, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये. लेख असेल तर तिरप्या प्रकाशात फोटो आणि कागदी ठसा. फोटोआधी मूर्ती घासूनपुसून चकचकीत करायची नाही. जी खूण पुढे पुरावा ठरेल तीच त्यात जाते. ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना याच मुद्द्यांवर उभा आहे, आणि त्यानुसार भरलेले एक पान चोरीच्या दिवशीच पोलिसांना व इंटरपोलला देता येते. प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवायच्या. मूर्ती आणि तिची एकमेव नोंदवही एकाच कपाटात असेल तर दोन्ही एकदमच जातात.

दगडी मूर्तींचे एक बरे असते, चोर मागे काहीतरी सोडून जातो. कंबोडियात कोह केरच्या प्रासात चेन देवळातून पुतळे घोट्यापाशी तोडून नेले आणि पावले बैठकीवर राहिली. पुतळा आणि पावले जुळताना दिसल्यावर न्यूयॉर्कचा एक लिलाव २०११ मध्ये थांबला आणि तो पुतळा २०१४ मध्ये कंबोडियाला परत गेला. रिकामी बैठक म्हणून ती उखडून टाकू नये, दगडाचा तुटका पृष्ठभाग सिमेंटने गुळगुळीत करू नये. जीर्णोद्धारात हे सर्रास होते. तमिळनाडूच्याच पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात तर मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणासुद्धा लंडनच्या न्यायालयात कामी आल्या होत्या. त्याच खटल्यात देवळाला स्वतःच्या नावाने दावा करता येतो, हेही इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केले आणि १९९१ मध्ये मूर्ती परत आली.

‘ब्रिटिश म्युझियमने उद्याच सगळे परत करावे’ असे लिहिणाऱ्यांनी तिथला १९६३ चा कायदा वाचावा. दुसरी प्रत, ठेवण्यालायक न उरलेली वस्तू अशा मोजक्या अपवादांखेरीज विश्वस्तांना संग्रहातली वस्तू देताच येत नाही. नाझींनी लुटलेल्या चार चित्रांबाबत २००५ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितले, की नैतिक कर्तव्य वाटले तरी या कायद्यापुढे इलाज नाही. त्या एका प्रकारासाठी मग २००९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. उलट लंडनच्याच हॉर्निमन संग्रहालयाला तो कायदा लागू नव्हता, म्हणून त्याने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. फ्रान्समध्ये सार्वजनिक संग्रह अहस्तांतरणीय असल्याने आजच्या बेनिन देशाला (नायजेरियातले बेनिन वेगळे) २६ वस्तू परत द्यायला डिसेंबर २०२० मध्ये खास कायदा संमत करावा लागला. त्यामुळे पहिले पत्र कोणाला पाठवायचे, संचालकांना, विश्वस्तांना की संसदेला, हे कायदा पाहून ठरवायचे. चुकीच्या दारी वर्षानुवर्षे अर्ज पडून राहतात.

लोन आणि परतावा यांत आपल्याकडची वर्तमानपत्रेही गल्लत करतात. २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे तीन वर्षांच्या लोनवर आहेत. लोनच्या करारावर सही करणारा सहसा देणाऱ्याची मालकी मान्य करत असतो. ग्रीस ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉन देवळाची शिल्पे लोनवर घ्यायला तयार होत नाही, त्याचे कारण हेच. जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियातल्या बेनिनच्या प्रतिमांबाबत उलटा क्रम धरला: आधी मालकी नायजेरियाच्या नावे केली, मग काही वस्तू नायजेरियाकडून लोनवर घेऊन बर्लिनमध्ये ठेवल्या. मला हा क्रम सर्वात सरळ वाटतो. वस्तू लगेच हलवायची घाई उरत नाही आणि हक्काचा प्रश्नही लोंबकळत नाही. मात्र घेणारा कोण, हे आधी ठरलेले असावे. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या वस्तूंची मालकी बेनिनच्या राजाकडे, ओबाकडे, राहील असा आदेश काढला आणि केंब्रिज विद्यापीठाने ठरलेला हस्तांतराचा कार्यक्रम पुढे ढकलला. सरकार, संग्रहालय, देवस्थान, राजघराणे यांच्यातला वाद घरातच मिटवून मग बाहेर मागायला जावे.

आता प्रवास. चामडे, पिसे, केस, लोकर, लाकूड यांच्या जुन्या वस्तूंवर संग्रहालयांनी कसर लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार चोपडले, पुढे डीडीटीही मारले. अमेरिकेत होपी या मूळनिवासी जमातीला परत मिळालेल्या काही पवित्र वस्तूंवर आर्सेनिक सापडले. ज्या वस्तू हाताळायच्या, अंगावर घालायच्या, त्यांच्यावर विष! हातात धरायच्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने आर्सेनिक, पारा, शिसे कळते. डीडीटीसारखी कीटकनाशके त्यात दिसत नाहीत, त्यासाठी पुसून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आर्सेनिक पुरते निघत नाही. म्हणून ही तपासणी वस्तू निघण्यापूर्वी, देणाऱ्याच्या खर्चाने व्हावी.

ब्राँझचे दुखणे वेगळे. पुरलेल्या मूर्तीच्या धातूत मातीतले क्लोराइड मुरलेले असते. कोरड्या काचपेटीत ते गप्प बसते. दमट हवेच्या गोदामात मूर्ती आली, की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि धातू खाल्ला जातो. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली ठेवणे हा उपाय. त्यासाठी पूर्ण वातानुकूलित दालनच हवे असे नाही. घट्ट बंद होणारी काचपेटी, ओलावा शोषणारे सिलिका जेल (घनमीटरला सुमारे २० किलो हा जुना ठोकताळा), आणि आतली आर्द्रता दाखवणारा मापक यांवर काम भागते. जेल वेळेवर बदलणारा माणूस मात्र नेमलेला हवा.

पेटाऱ्याच्या चुका त्याच त्या होतात. विमानातून थंड होऊन आलेला पेटारा फोटोग्राफर थांबलेत म्हणून लगेच उघडला, की धातूवर दव धरते. चोवीस तास न उघडता खोलीत ठेवायचा असतो. पेटाऱ्याला कच्चे लाकूड वापरले असेल तर ते ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवल्याचा शिक्का हवा, नाहीतर माल कस्टम्समध्ये अडतो. हस्तिदंत असेल तर साइट्सचा, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा, परवाना लागतो, आणि तो आठवड्याभरात मिळत नाही. मूर्ती उचलताना पीठ धरायचे. हात किंवा प्रभावळ धरली, की जुना सांधा सुटतो. निघताना आणि पोहोचल्यावर एकाच नमुन्यात स्थिती-अहवाल हवा, नाहीतर तडा कोणाच्या ताब्यात गेला यावर विमा कंपनी हात वर करते.

‘तिथेच सुरक्षित’ या युक्तिवादाला २०२३ नंतर फारसे वजन उरलेले नाही. ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा खराब झाल्याचे तेव्हा बाहेर आले, आणि त्यांतल्या पुष्कळांची धड नोंदच नव्हती. पण परत आणणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. मेट्रोपॉलिटनने १९९३ मध्ये तुर्कस्तानला परत दिलेल्या, प्राचीन लिडिया राज्याच्या खजिन्यातले सोन्याचे समुद्री घोड्याचे पदक उशाकच्या संग्रहालयातून चोरीला गेले. २००६ मध्ये कळले, की काचेआड नक्कल बसवलेली आहे. दोन्हीकडे ताबा ज्याच्याकडे, तपासणीही त्याचीच, ही फट होती. दरवर्षी न सांगता, ताबा नसलेल्या दोन माणसांनी नोंदवही उघडून यादृच्छिक निवडलेल्या वस्तू वजन करून पाहिल्या, तर नक्कल इतकी वर्षे टिकत नाही.

करार करताना एक कलम हमखास विसरले जाते. वस्तूसोबत तिची फाइलही मागावी: दाखल नोंदवहीचे पान, खरेदीचा पत्रव्यवहार, जुने फोटो, कोणते रसायन कधी लावले याच्या नोंदी. त्या फाइलीतल्या विक्रेत्याच्या नावावरून त्याच देवळातल्या आणखी दोन मूर्ती कुठे विकल्या गेल्या, हे सापडू शकते.

आपला,
एक वाचक